तीस अंशांची रेघ: हिमस्खलनाच्या धोक्याचा अंदाज कितपत भरवशाचा?

सिंगापूरची सर्वांत उंच जागा म्हणजे बुकित तिमाहची टेकडी; तिची उंची १६३ मीटर. आमचे पासिर रिस तर थेट किनाऱ्यावर, खारफुटीच्या काठाशी वसलेले. अशा ठिकाणी बसून हिमस्खलनावर लिहिणे विचित्र वाटेल. पण इथून चांगी विमानतळ जवळ आहे, शाळांची मोठी सुट्टी नोव्हेंबर-डिसेंबरात असते, चिनी नववर्षाची सुट्टी जानेवारी-फेब्रुवारीत पडते आणि नेमक्या याच दिवसांत जपानच्या होक्काइदोत भरभरून बर्फ पडतो. त्यामुळे इथल्या मराठी कुटुंबांतही स्कीइंग शिकलेली माणसे आता भेटतात. पहिली काही वर्षे ती आखलेल्या, राखलेल्या उतारांवर रमतात. मग कधीतरी दोरीपलीकडचा, कुणाच्याच रेघा न उमटलेला उतार खुणावू लागतो. त्या मुलखाला बॅककंट्री म्हणतात. तिथे धोका जोखण्याची जबाबदारी रिसॉर्टची नसते, ज्याची त्याची असते.

पासिर रिसच्या लोकांना आकाशातून येणाऱ्या एका धोक्याची सवय आहे. सिंगापुरात वर्षाला सरासरी १६८ दिवस ढगांचा गडगडाट ऐकू येतो. विजेचा इशारा लागला की किनाऱ्यावरचे खेळ थांबतात, मुले आडोशाला जातात आणि ढग सरकले की परत येतात. सह्याद्रीत पावसाळी भटकंती केलेल्यांचा अनुभवही याच जातीचा. ओढ्याला लोंढा आला तर थांबायचे. पाऊस ओसरला की बहुधा काही तासांत वाट मोकळी होते. हिमस्खलन हा हिशोब मोडून टाकते. वादळ निवळून लख्ख ऊन पडले तरी धोका संपलेला नसतो. उलट बरेचसे अपघात अशाच सुंदर दिवशी होतात. आणि तिथे इशारा देणारा भोंगाही नसतो.

स्वित्झर्लंडमध्ये हिमस्खलनाचे नियमित इशारापत्रक १९४५ पासून निघते. म्हणजे या अभ्यासाला आता ऐंशी वर्षे झाली. एवढ्या काळात हाती काय लागले आणि काय लागले नाही, त्याचा हा आढावा आहे. त्यातून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. बर्फाविषयीचे आपले ज्ञान कायम अपुरे राहते, पण उताराचा कोन चांगला मोजता येतो. म्हणून हौशी माणसाने आपला भरवसा बर्फाच्या परीक्षेपेक्षा उताराच्या निवडीवर ठेवावा.

लादी सुटते कशी

स्कीअरचा जीव घेणारी बहुतेक हिमस्खलने लादीची असतात. वर एकसंध, घट्ट बांधलेला बर्फ. त्याखाली एक कमकुवत थर. त्याखाली घसरायला पृष्ठभाग. उतार पुरेसा तीव्र असला की सामग्री पूर्ण होते. स्कीअरच्या वजनाने कमकुवत थरात एका जागी तडा जातो, तो थरातून क्षणात दूरवर धावतो आणि वरची अख्खी लादी एकदम सुटते. माणूस बहुधा तिच्या मधोमध उभा असतो. म्हणूनच हे संकट डोंगरावरून अवचित कोसळते ही समजूत अर्धवट आहे. स्कीअर आणि हौशी गिर्यारोहक सापडलेल्या जीवघेण्या प्रसंगांपैकी सुमारे ९० टक्क्यांत लादी सोडवणारा तो स्वतः किंवा त्याच्याच गटातला कुणी असतो.

कमकुवत थर कुठून येतो? स्वच्छ, थंड, वारा नसलेल्या रात्री बर्फाच्या पृष्ठभागावर दहिवर गोठून पिसांसारखे नाजूक स्फटिक उभे राहतात. त्यावर नवा बर्फ पडला की ते आत गाडले जातात, पण विरून जात नाहीत. दुसरा प्रकार तळाशी तयार होतो. जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास असतो आणि वरची हवा उणे पंधरा-वीस. बर्फ पातळ असेल तर हा सगळा फरक थोड्याशा जाडीत मावतो. दर १० सेंटीमीटरला साधारण एक अंशाहून जास्त तफावत पडली की बर्फातली वाफ वर सरकू लागते आणि दाणे एकमेकांना धरून न राहता साखरेसारखे सुटे होतात. त्यामुळे हिवाळ्याच्या सुरुवातीचा थोडा बर्फ दिसायला निरुपद्रवी असला तरी पुढच्या सगळ्या बर्फाचा पाया कच्चा करून ठेवतो. असा थर कित्येक आठवडे, कधी महिने टिकतो.

या कच्च्या पायावर भार चढवणारे तिघे: नवा बर्फ, वारा आणि उष्णता. यांतला वारा सर्वांत फसवा. आकाशातून एक कणही पडत नसताना वारा एका बाजूचा बर्फ उचलून कड्याच्या आडोशाच्या बाजूला नेऊन टाकतो, तोही हिमवृष्टीच्या दहापट वेगाने. त्यामुळे गावात पाच सेंटीमीटर बर्फ पडलेल्या दिवशी वरच्या एखाद्या घळीत अर्धा मीटर साचलेला असू शकतो. तापमान झपाट्याने चढले किंवा बर्फावर पाऊस पडला तर लादी नरम होते आणि बांधणी ढिली पडते.

डोंगर काही खुणा स्वतःहून दाखवतो. शेजारच्या उतारावर ताजे स्खलन, पायाखालून धावत जाणाऱ्या भेगा, आणि चालताना एकदम बर्फ दबून येणारा 'वुम्फ' असा खोल आवाज. हा आवाज म्हणजे खालचा थर आत्ताच बसला याची पावती. उतार पुरेसा नव्हता म्हणून लादी सरकली नाही, एवढेच. यांतली एकही खूण दिसली तर पुढे बर्फ तपासण्याची गरज उरत नाही.

पत्रकातला आकडा

युरोपात १९९३ पासून धोक्याच्या पाच पायऱ्यांची एकच मोजपट्टी वापरतात. उत्तर अमेरिकेची मोजपट्टीही पाच पायऱ्यांची आहे. कमी, मध्यम, लक्षणीय, मोठा आणि अतिशय मोठा. ही मोजपट्टी सरळ रेषेत चढत नाही. प्रत्येक पायरीला धोका आधीपेक्षा कित्येक पटींनी वाढतो. इथेच सामान्य वाचक फसतो. पाचातला तीन म्हणजे मधला, म्हणजे ठीकठाक, असे त्याला वाटते. स्वित्झर्लंडमध्ये हिवाळ्यातल्या साधारण एक तृतीयांश दिवशी तिसरी पायरी जाहीर होते आणि सुमारे निम्मे मृत्यू याच दिवशी होतात. चौथ्या-पाचव्या पायरीला वादळ घोंगावत असते, रस्ते बंद असतात, माणसे घरी बसतात. तिसऱ्या पायरीला ऊन असते, बर्फ ताजा असतो आणि डोंगर मात्र माणसाच्या वजनाची वाट पाहत असतो.

आकड्याची दुसरी मर्यादा क्षेत्राची. पत्रक शेकडो चौरस किलोमीटरच्या मुलखाबद्दल बोलते. समोरच्या घळीबद्दल त्याला काही ठाऊक नसते. म्हणून जाणते लोक आकडा पाहून थांबत नाहीत. कोणत्या उंचीवर, कोणत्या दिशेच्या उतारांवर आणि कोणत्या प्रकारचा त्रास आहे, हा पत्रकातला खरा मजकूर असतो. 'वाऱ्याने साचलेला बर्फ, उत्तर व पूर्व उतार, झाडांच्या रेषेच्या वर' या एका ओळीवरून दिवसाचा मार्ग ठरवता येतो. नुसत्या तीनच्या आकड्यावरून येत नाही.

भारतातले चित्र

भारतात या कामाचा मुख्य आधार लष्करी गरज हा आहे. मनालीला १९६९ मध्ये हिम आणि हिमस्खलन अभ्यास संस्था उभी राहिली. २०२० मध्ये ती डीआरडीओच्याच दुसऱ्या प्रयोगशाळेत विलीन होऊन संरक्षण भू-माहिती संशोधन संस्था झाली. चंडीगडची ही संस्था, म्हणजे डीजीआरई, जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल आणि उत्तराखंडसाठी इशारे काढते. जिल्हा प्रशासन ते पुढे पोचवते. इशारा बहुधा जिल्हा आणि उंचीच्या भाषेत असतो. सैन्याच्या हालचाली आणि रस्ते यांना ते पुरते. स्कीअरला मात्र एका डोंगराच्या दोन बाजूंतला फरक हवा असतो.

महाराष्ट्राने हिमस्खलनाची किंमत मोजली ती मुख्यतः जवानांच्या रूपात. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचिनमध्ये सोनम चौकीवर हिमकडा कोसळून दहा जवान गेले. त्यांत सातारा जिल्ह्यातल्या मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी होते. जानेवारी २०१७ मध्ये काश्मीरच्या गुरेझ भागात हिमस्खलनाने जवानांचे बळी घेतले, त्यांतही महाराष्ट्रातले अनेक होते. सीमेवरच्या जवानाला जागा निवडता येत नाही. हौसेने गेलेल्या माणसाला ती निवडता येते. या लेखाचा विषय ही निवड आहे.

इशारा असणे आणि त्यावरून निर्णय होणे यांत किती अंतर असते, हे अलीकडच्या दोन घटनांवरून दिसते. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडमध्ये माणा गावाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या छावणीवर हिमस्खलन झाले. ५४ कामगार सापडले, ८ दगावले. आदल्याच संध्याकाळी डीजीआरईने चमोलीसह काही जिल्ह्यांत २,४०० मीटरच्या वरच्या भागासाठी चोवीस तासांचा इशारा दिलेला होता. सिक्कीममध्ये ४ एप्रिल २०२३ रोजी नाथुला रस्त्यावर हिमस्खलनात सात पर्यटक गेले. पर्यटकांना तेराव्या मैलापर्यंतच परवानगी होती. स्खलन झाले पंधराव्या मैलाजवळ. या दोन्ही ठिकाणी कुणी स्कीइंग करत नव्हते. धोक्याच्या पट्ट्यात राहायला, उभे राहायला किंवा फोटो काढायला गेलेला माणूसही तितकाच उघड्यावर असतो.

स्कीअरसाठी भारतातले खरे ठिकाण गुलमर्ग. गाव २,६५० मीटरवर आहे आणि गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या खांद्यावर जवळपास ३,९५० मीटरपर्यंत नेऊन सोडतो. २००५ मध्ये हा टप्पा सुरू झाला आणि दोन दिवस चढून मिळणारा उतार तिकिटावर मिळू लागला. स्की पेट्रोलची देखरेख गोंडोलाच्या आसपासच्या ठराविक पट्ट्यावर असते. त्या पट्ट्याच्या कडेने दोन पावले बाहेर पडले की संपूर्ण बॅककंट्री सुरू होते. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या हापतखुद भागात स्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले. २०२४ चा जानेवारी जवळजवळ कोरडा गेला, पर्यटकांना गुलमर्गात मातीच दिसत होती; मग बर्फ आला आणि २२ फेब्रुवारीला खिलनमर्गच्या बाजूला एक रशियन स्कीअर मारला गेला. याच खिलनमर्गला ८ फेब्रुवारी २०१० रोजी लष्कराच्या उच्च पर्वतीय युद्धशाळेचे १७ जण प्रशिक्षणादरम्यान मारले गेले होते. बर्फात वावरण्याचेच शिक्षण देणाऱ्या संस्थेची ती माणसे होती.

खड्डा खणून काय कळते

बर्फाच्या परीक्षेची पद्धत अशी: फावड्याने खड्डा खणायचा, भिंत सरळ करायची, थर बोटाने दाबून पाहायचे, मग बर्फाचा एक खांब मोकळा कापून त्यावर फावडे ठेवून ठराविक जोराने थापा मारायच्या. थर कितव्या थापेला तुटतो हे जुन्या दाब-चाचणीत पाहत. २००६ मध्ये पुढे आलेल्या रुंद खांबाच्या चाचणीने प्रश्नच बदलला: तुटलेला तडा खांबाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावतो का? लादी सुटायला नेमके हेच घडावे लागते, म्हणून आज या चाचणीला जास्त वजन आहे.

तरीही या विषयातला जुना वाद मिटलेला नाही. एकाच उतारावर दहा मीटरच्या अंतराने खणलेले दोन खड्डे वेगळी उत्तरे देऊ शकतात. खडकाजवळ, कड्याच्या टोकाशी, झाडाच्या सावलीत थराची जाडी बदलते आणि तडा बहुधा जिथे लादी पातळ असते तिथून सुरू होतो. शिवाय सुरक्षित खड्डा खणायचा तर सुरक्षित जागी, आणि आपल्याला तर धोक्याच्या जागेबद्दल जाणून घ्यायचे असते. अनुभवी मार्गदर्शक यावर एकतर्फी नियम पाळतात. चाचणी वाईट आली तर मागे फिरायचे. चाचणी चांगली आली म्हणून मात्र आधी नाकारलेल्या उतारावर जायचे नाही. नवख्यांच्या हातात हीच चाचणी नेमकी उलट कामाला येते: जायचे ठरलेलेच असते, खड्ड्याकडून फक्त होकार हवा असतो.

उताराचे गणित

बर्फ लपून असतो, उतार समोर असतो. लादीची बहुतेक स्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात, सर्वांत जास्त ३८ अंशांच्या आसपास. ४५ अंशांहून उभ्या कड्यांवर बर्फ साचण्याआधीच झडत राहतो, आणि ३० अंशांखाली लादी सहसा सरकत नाही. दुर्दैव असे की चांगला स्कीअर ज्या उतारावर खरा आनंद घेतो, तोही याच पट्ट्यातला. डोळ्यांनी कोन ओळखण्यात मोठी चूक होते. खिशातला छोटा कोनमापक ती टाळतो.

स्विस मार्गदर्शक वेर्नर मुंटर यांनी १९९० च्या दशकात या गोष्टीला रोखठोक नियमाचे रूप दिले. त्यांच्या पद्धतीचा सर्वांत सोपा भाग असा: पत्रकात दुसरी पायरी असेल तर ४० अंशांच्या खाली राहा, तिसरी असेल तर ३५ च्या खाली, चौथी असेल तर ३० च्या खाली. बर्फशास्त्राच्या अनेक जाणकारांना हे आधी फार ढोबळ वाटले. थरांचा इतका अभ्यास करायचा आणि शेवटी पाढा म्हणायचा? मुंटर यांचे उत्तर व्यवहाराचे होते. माणसाला थर कळत नाहीत, कोन कळतो. या पद्धतीवरचा खरा आक्षेप वेगळा आहे. ती आल्प्सच्या आकडेवारीवर आणि रोजच्या तपशीलवार पत्रकावर उभी आहे. पत्रक जिथे जिल्ह्यापुरतेच बोलते, तिथे ही पद्धत जशीच्या तशी लावली तर ती खोटा दिलासा देऊ शकते.

कोनाचा नियम पाळूनही एक खिंडार उरते: आपण उभे आहोत तो उतार सौम्य, पण डोक्यावरचा तीव्र. १ फेब्रुवारी २००३ रोजी कॅनडातल्या रॉजर्स पासजवळ एक शालेय गट दरीच्या तळातून स्कीवर चालला होता. वरच्या डोंगरावरून आपोआप सुटलेल्या स्खलनाने सात विद्यार्थ्यांचा बळी घेतला. त्यानंतर कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यान संस्थेने मार्गांचीच प्रतवारी केली: साधा, आव्हानात्मक आणि गुंतागुंतीचा मुलूख. ही प्रतवारी रोज बदलत नाही, कारण डोंगर रोज बदलत नाही. बर्फाचा अंदाज चुकला तरी साध्या मुलखात चूक माफ होते. पुढे अनेक देशांनी ही कल्पना उचलली.

आज स्वित्झर्लंड, फ्रान्स किंवा अमेरिकेच्या डिजिटल नकाशांवर ३० अंशांवरचे उतार रंगवलेले मिळतात. हिमालयासाठी सर्वत्र मिळणारी उपग्रहाची उंचीमापे साधारण ३० मीटरच्या चौकोनांची असतात. वीस मीटरचा एखादा उभा टप्पा त्यांत सरासरीत विरघळून जातो, आणि माणूस गाडायला वीस मीटरचा टप्पा पुरेसा असतो. नकाशावर उतार सौम्य दिसला तरी जागेवर कोन मोजावाच लागतो.

माणसाचा हिशोब

या शतकाच्या सुरुवातीला इयान मॅकॅमन यांनी अमेरिकेतल्या ७१५ अपघातांच्या नोंदी तपासल्या. बहुतेक ठिकाणी धोक्याच्या खुणा उघड होत्या आणि गटातल्या अनेकांना त्या ओळखताही येत होत्या. मग पाय का पडला? त्यांनी सहा सापळे दाखवले. ओळखीची जागा. गटात मान मिळवण्याची इच्छा. एकदा ठरवले ते पार पाडण्याचा हट्ट. जाणकार समजल्या गेलेल्या माणसावर टाकलेला भार. पहिली रेघ आपलीच उमटावी ही घाई. आणि आसपास इतरही आहेत म्हणजे ठीकच असणार हा समज. प्रशिक्षण घेतलेल्यांची सावधगिरीही ओळखीच्या जागी घसरलेली दिसली. या अभ्यासावर आक्षेप आहेत. त्यात फक्त अपघात झालेले गट आहेत. असेच वागून सुखरूप परतलेल्यांची नोंद कुठेच नसते. पण सापळ्यांची यादी मार्गदर्शकांच्या अनुभवाशी इतकी जुळते की ती आज जवळजवळ प्रत्येक कोर्सात शिकवतात.

१९ फेब्रुवारी २०१२ रोजी अमेरिकेतल्या स्टीव्हन्स पासच्या टनेल क्रीकमध्ये हिमस्खलनात तीन जण गेले. पंधरा-सोळा जणांच्या त्या गटात स्कीइंगच्या जगातली नावाजलेली माणसे होती. अनेकांच्या मनात शंका होती; इतक्या जाणत्यांसमोर ती बोलून कोण दाखवणार, असा पेच होता. मराठी गटांना हा सापळा ओळखीचा वाटावा. ट्रेकचा 'लीडर' दादा असतो, ताई असते; त्यांना सगळ्यांसमोर नको म्हणणे उद्धटपणाचे मानले जाते. बर्फात हा संकोच महाग पडतो. गटातल्या सर्वांत नवख्या माणसाचे 'मला हे बरे वाटत नाही' हे वाक्यही मागे फिरायला पुरेसे कारण आहे, हे निघण्याआधीच सर्वांदेखत ठरलेले असावे.

डोंगर शिकवतोही उलट. वाईट निर्णय घेऊनही बहुतेक वेळा लादी सुटत नाही. माणूस खाली येतो, हसतो, आणि आपला अंदाज बरोबर होता असे समजतो. चुकीला शिक्षा मिळत नाही तिथे अनुभव वाढतो, शहाणपण वाढेलच असे नाही.

आमच्यासारख्यांसाठी मॅकॅमन यांच्या यादीत एक सापळा वाढवावा लागेल: रजेचा. पासिर रिसहून किंवा पुण्याहून गेलेल्या माणसाकडे मोजके दिवस असतात. तिकीट, हॉटेल, गाइड, भाड्याच्या स्की यांचे पैसे भरून झालेले असतात. त्यातले दोन दिवस वादळात गेले की तिसऱ्या दिवशीचे निळे आकाश म्हणजे वसुलीची संधी वाटते. हिमस्खलनाच्या दृष्टीने तोच सर्वांत वाईट दिवस. डोंगराखाली राहणारा स्कीअर दोन दिवस आणखी थांबू शकतो. परतीचे विमान थांबत नाही.

जपानचे दोन धडे

सिंगापूरकर सर्वाधिक जातात त्या निसेकोने या प्रश्नावर चांगला तोडगा काढला आहे. रिसॉर्टबाहेर जायला बंदी नाही, पण बाहेर पडायचे ते ठराविक दारांतूनच. रोज सकाळी परिस्थितीचे पत्रक निघते. धोका असला की दारे बंद राहतात. दोरीखालून जाणे सक्त मना आहे आणि युनोसावा ही घळ कायमची वर्ज्य आहे. मोकळीक आणि शिस्त यांचा हा मेळ यशस्वी मानला जातो. मात्र उघडे दार म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे, हे निसेकोच सांगते. हाकुबाचे डोंगर तर आणखी उंच आणि उभे आहेत. २९ जानेवारी २०२३ रोजी तिथल्या बॅककंट्रीत २०१५ चा हाफपाइप विश्वविजेता काइल स्मेन याच्यासह दोघे स्खलनात गेले. स्कीवरचे कौशल्य लादीला कळत नाही.

दुसरा धडा नासूचा. २७ मार्च २०१७ रोजी तोचिगी प्रांतात शालेय गिर्यारोहकांचे सुरक्षितता प्रशिक्षण चालू होते. जोरदार बर्फामुळे ठरलेली चढाई रद्द केली गेली, हा निर्णय योग्य होता. मग त्याऐवजी जवळच्याच उतारावर खोल बर्फातून चालण्याचा सराव ठेवला गेला. सात विद्यार्थी आणि एक शिक्षक मृत्यू पावले. २०२४ मध्ये न्यायालयाने तीन शिक्षकांना दोन वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. पर्यायी बेत ऐनवेळी सुचलेला असला तर त्याची तपासणी कुणी केलेली नसते. सिंगापूरलाही अशा सहलीचा घाव ठाऊक आहे: ५ जून २०१५ रोजी किनाबालूवर भूकंपाने दगड कोसळून इथल्या एका प्राथमिक शाळेचे सात विद्यार्थी, दोन शिक्षक आणि एक मार्गदर्शक गेले. भूकंप सांगून येत नाही. नासूचा बर्फ रात्रभर डोळ्यांदेखत पडत होता.

गाडले गेल्यावर

१९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्विस आकडेवारीप्रमाणे पूर्ण गाडला गेलेला माणूस १५ मिनिटांत बाहेर काढला तर वाचण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक असते. ३५ मिनिटांपर्यंत ती ३० टक्क्यांवर येते. २०२४ च्या अभ्यासाने पहिला टप्पा आणखी आखडला: १५ नव्हे, १० मिनिटे. एवढ्या वेळात बाहेरून मदत येणे जवळपास अशक्य. वाचवणारे असतात ते शेजारचे सोबती, आणि तेही प्रत्येकाकडे गाडलेल्याचा ठाव सांगणारा ४५७ किलोहर्ट्झचा ट्रान्सीव्हर, शोधकाठी आणि धातूचे फावडे असेल तरच. २०१६ च्या त्या सियाचिन दुर्घटनेत लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले, हा अपवाद. त्यांचाही जीव पुढे वाचला नाही.

फुगणाऱ्या एअरबॅगचा उपयोग होतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात गंभीररीत्या सापडलेल्यांचा मृत्युदर बॅग फुगल्यास २२ टक्क्यांवरून ११ वर आला. म्हणजे उरलेला ११ टक्के धोका बॅग पाठीवर असूनही राहतो, कारण झाडा-खडकांवर आपटून होणारा मृत्यू ती थांबवत नाही. विमान प्रवासात तिच्या सिलिंडरसाठी कंपनीची आगाऊ परवानगी लागते. गुलमर्गला जाणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की भारतात सॅटेलाइट फोन आणि सॅटेलाइट मेसेंजर परवानगीशिवाय वापरता येत नाहीत. अनेक प्रवास विमा पॉलिसींत आखलेल्या उतारांबाहेरचे स्कीइंग वगळलेले असते. अटी आधी वाचाव्यात.

मग करावे काय

ऐंशी वर्षांच्या अभ्यासाने अंदाज सुधारला आहे, पण एका विशिष्ट उतारावर एका विशिष्ट क्षणी लादी सुटेल की नाही, हे आजही कुणी सांगू शकत नाही. ज्यांच्याकडे पूर्ण हिवाळा आहे, जे रोज तोच डोंगर पाहतात, त्यांनी मुंटर यांचा ३५ अंशांचा नियम पाळावा. वर्षातून आठवडाभर जाणाऱ्याने पाच अंश आणखी सोडावेत: तिसऱ्या पायरीच्या दिवशी ३० अंशांच्या खाली, आणि डोक्यावरही तीव्र उतार नको. चौथ्या-पाचव्या पायरीला दोरीच्या आतच राहावे. गुलमर्गसारख्या ठिकाणी, जिथे पत्रक जिल्ह्यापुरते बोलते, तिथे रोजचा दिवस किमान तिसऱ्या पायरीचा समजून चालावे आणि स्थानिक प्रशिक्षित गाइडशिवाय पट्ट्याबाहेर पडू नये. मार्ग, पर्यायी मार्ग आणि मागे फिरण्याची वेळ आदल्या संध्याकाळी कागदावर लिहून ठरवावी. ताज्या बर्फाच्या कडेला उभे राहून नव्हे.

येत्या हिवाळ्याची तिकिटे काढणाऱ्यांना एकच विनंती. बेतात दोन दिवस मोकळे ठेवा, एक दिवस हिमस्खलनाच्या प्राथमिक कोर्सला द्या, आणि ट्रान्सीव्हरने शोधण्याचा सराव पासिर रिसच्या बागेत मुलांसोबत लपाछपी खेळून आधीच करून जा. हे तीन दिवस ज्यांच्या रजेत बसत नाहीत, त्यांनी दोरीच्या आतच स्कीइंग करावे.